आधी खडा, मग कोंदण

खड्याची पुडी उघडायच्या आधीच पहिला प्रश्न येतो, "किती ग्रॅममध्ये बसेल?" पुण्याच्या रविवार पेठेतल्या आमच्या छोट्या कारखान्यात गेली बावीस वर्षं मी तो ऐकते आहे. सोन्याचा भाव पाहता प्रश्न रास्तच आहे. पण खडा हातात घेऊन, भिंगाखाली फिरवून, मापून झाल्याशिवाय त्याचं खरं उत्तर देता येत नाही. खडा न बघता जो "चार ग्रॅममध्ये करून देतो" म्हणतो, त्याच्या डोक्यात तयार साच्यातली अंगठी असते आणि तुमचा खडा तिच्यात कसाबसा बसवला जाणार असतो. इतर घडणीत हे एक वेळ खपून जाईल, बंद कोंदणात खपत नाही.

बंद कोंदण म्हणजे खड्याभोवती सलग फिरणारी सोन्याची पातळ भिंत. तिची वरची कड खड्यावर किंचित वळवून दाबलेली असते. दुकानात याला 'बेझल' म्हणतात. 'प्राँग'च्या अंगठीत सोन्याची चार किंवा सहा नखं वर येऊन खडा धरतात. तिथे माप केसभर चुकलं तरी नख वाकवून भागतं. कोंदणाची भिंत मात्र त्या एकाच खड्याच्या घेराची असावी लागते. कागदावर दोन्ही ९ गुणिले ७ मिलिमीटरचे असलेले दोन लंबगोल खडे शेजारी ठेवून बघा. एकाचा खांदा भरलेला असतो, दुसऱ्याची एक बाजू जरा चपटी. भिंत ढिली झाली तर कड दाबताना सोन्याला सुरकुती पडते, घट्ट झाली तर खडा आत जातच नाही, आणि कारागिराने जोर लावला तर त्याची कड उडते.

मग एवढा खटाटोप कशासाठी करायचा? रंगीत खड्याला त्याची गरज असते म्हणून. घरातल्या आणि रस्त्यावरच्या धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात. खनिजांचं काठिण्य मोजायच्या मोहस पट्टीवर गारेचा आकडा ७ आहे. माणिक, नीलम आणि आपल्या बाजारातला पिवळा पुष्कराज ९ वर आहेत, त्यांना धुळीचं भय नाही. लसण्या साडेआठ, पाचू साडेसात ते आठ, गोमेद सातच्या आगेमागे, ओपल आणि फिरोजा त्याच्या खाली, पोवळं ३ ते ४ आणि मोती जेमतेम अडीच. हातातली अंगठी दाराच्या कडीला, गाडीच्या हँडलला, ओट्याच्या कडप्प्याला दिवसातून कितीदा लागते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. खड्याला पहिला मार बसतो तो त्याच्या कडेवर, आणि बंद कोंदणात नेमकी तीच कड सोन्याच्या आत असते. साडीचा पदर, स्वेटरचा धागा, कडेवरच्या बाळाचा गाल, कशालाच ही अंगठी ओरखडत नाही.

हिऱ्याचं तेज प्रकाश आत घेऊन परत फेकण्यात आहे, म्हणून त्याला उघडं ठेवायची पद्धत रुळली. न्यूयॉर्कच्या टिफनीने १८८६ मध्ये आणलेली सहा नखांची अंगठी त्याच पद्धतीची. रंगीत खड्याचं सौंदर्य त्याच्या अंगच्या रंगात असतं. भोवतीच्या भिंतीने त्याचं फारसं बिघडत नाही, उलट सोन्याच्या रेषेत रंग उठून दिसतो. आपल्याकडे तर कुंदनकामात शुद्ध सोन्याची पट्टी खड्याभोवती नुसती दाबत दाबत, जाळ न लावता, कोंदण करायची परंपराच आहे.

तोटेही सांगते. खडा चहूबाजूंनी थोडा झाकला जातो, त्यामुळे आहे त्यापेक्षा जरा लहान दिसतो. आणि मुळातच गडद असलेला नीलम चारी बाजूंनी बंद केला की काळपट पडतो. असा खडा असेल तर भिंतीला बाजूने झरोके ठेवायला सांगा, खालची बाजू पूर्ण मोकळी ठेवा, किंवा सरळ नखांची अंगठी करा. पिवळ्या सोन्याची झाक माणिक, पुष्कराज, गोमेद यांना ऊब देते. फिक्या निळ्या खड्यात ती उतरली तर निळा किंचित हिरवट वाटतो. शंका असेल तर खडा चिमट्यात धरून एकदा पिवळ्या आणि एकदा पांढऱ्या सोन्याच्या दागिन्यावर ठेवून दिवसाच्या उजेडात बघा, दुकानातल्या दिव्यांखाली नको.

आता खड्याचं वजन. आपल्याकडे अनेक जण पत्रिका दाखवून येतात आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'सव्वापाच रत्तीचा पुष्कराज'. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण कोणती रत्ती, हे विचारून घ्या. तोळ्याच्या ९६ गुंजा धरल्या तर एक गुंज, म्हणजे सोनाराची रत्ती, साधारण १२१ मिलिग्रॅमची होते. खड्यांच्या बाजारात चालणारी पक्की रत्ती १८२ मिलिग्रॅमच्या आसपास. सव्वापाच रत्ती पहिल्या हिशेबाने सव्वातीन कॅरटच्या आतच राहते, दुसऱ्या हिशेबाने पावणेपाच कॅरटच्या वर जाते. पुष्कराजच्या किमतीत या दीड कॅरटने मोठा फरक पडतो. सगळ्या जगात कॅरट एकच, २०० मिलिग्रॅमचा. बिलावर वजन कॅरटमध्येच लिहून घ्या. (सोन्याचा २२ कॅरट म्हणजे शुद्धता आणि खड्याचा कॅरट म्हणजे वजन, हा घोळही पुष्कळांचा होतो.)

आणखी एक गोष्ट ग्राहकांना कोणी सांगत नाही. अंगठीचं रूप वजनावर ठरत नाही, मिलिमीटरवर ठरतं. नीलम पाचूपेक्षा जड आहे. पाण्याच्या तुलनेत नीलम चौपट, पाचू पावणेतीन पटींच्या आसपास. म्हणून तीन कॅरटचा पाचू तीन कॅरटच्या नीलमपेक्षा डोळ्यांना बराच मोठा दिसतो. मैत्रिणीच्या पाचूच्या अंगठीवरून आपल्या नीलमचा अंदाज बांधू नका. लांबी, रुंदी आणि खोली अशी तिन्ही मापं घ्या.

खोली म्हणजे खड्याचं पोट. वजन वाचवायचं म्हणून अनेक खडे खालून फुगीर ठेवलेले असतात. वरून सुबक ९ मिलिमीटरचा, बाजूने पाहिला तर लाडवासारखा. त्याला तेवढी उंच भिंत लागते, सोनं जास्त जातं, अंगठी बोटावर मनोऱ्यासारखी उभी राहते आणि जागोजागी आपटते. उलट खूप उथळ खडा मध्यभागी फिका, आरपार दिसतो. कागदावर ठेवून बघितला तर खालची अक्षरं वाचता येतात. कोंदणात तो आणखीच निस्तेज दिसेल. खडा घ्यायच्या आधीच त्याच्याकडे बाजूने पाहायची सवय लावून घ्या.

आता प्रमाणपत्र. मुंबईची जीआयआय, जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जीटीएल), जीआयए, आयजीआय यांसारख्या प्रयोगशाळांचं घ्या, आणि नुसतं 'नॅचरल' बघून थांबू नका. खनिजाचं नाव आणि खड्यावर केलेली प्रक्रिया, या दोन ओळी वाचा. पुष्कराज म्हणून तुम्हाला पिवळा नीलम हवा असेल तर तिथे 'कोरंडम' किंवा 'सफायर' असायला हवं. 'टोपाझ' किंवा 'सिट्रीन' असेल तर ती वेगळी खनिजं, त्यांच्या किमती वेगळ्या. माणिक-नीलम भट्टीत तापवून रंग सुधारणं ही जुनी आणि मान्य पद्धत आहे, फक्त ते सांगितलं पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे हवी. पाचूत तेल भरलेलं असणं हेही जवळजवळ गृहीत असतं. किती भरलंय, हे महत्त्वाचं. माणकात काच भरलेली असेल तर मात्र सावध व्हा.

हे मी आमच्या घरच्या उदाहरणावरून सांगते. माझ्या मावशीने दुसऱ्या गावी एका दुकानातून माणकाची अंगठी घेतली होती. सुंदर लाल, मोठा खडा, आणि भाव आश्चर्य वाटावं इतका कमी. वर्षभराने अंगठी सैल झाली म्हणून तिने जवळच्याच एका ठिकाणी लहान करायला दिली. तिथे खडा न काढता मागून जाळ लावून सांधा झाळला आणि मग अंगठी तेजाबात टाकली. परत आली तेव्हा माणकावर पांढरट रेघांचं जाळं पसरलेलं होतं, वाळलेल्या चिखलाला भेगा पडाव्यात तसं. भेगांमध्ये शिशाची काच भरून तो लाल आणि नितळ केलेला होता. ती काच जाळाने आणि तेजाबाने गेली आणि खडा होता तसा उघडा पडला. मावशीला वाटत राहिलं की आपल्याच हातून काहीतरी झालं. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. विकणाऱ्याने सांगायला हवं होतं आणि दुरुस्त करणाऱ्याने विचारायला हवं होतं.

आजीच्या पेटीतल्या खड्यांबद्दलही थोडं. 'आमच्या आजीचा आहे, म्हणजे अस्सल' असं गृहीत धरू नका. फ्रान्समधल्या व्हेर्नूईने ज्योतीत माणिक तयार करायची रीत १९०२ मध्ये जाहीर केली, आणि तेव्हापासून कृत्रिम माणकं जगभर स्वस्तात विकली गेली. आजीने ते भाबडेपणानेच घेतलेलं असतं. असा खडा निघाला म्हणून त्याची अंगठी करू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. रंगाला तो उत्तम असतो, ९ काठिण्याचा असतो आणि आजीचा असतो. फक्त घडणीचा खर्च ठरवताना आपल्या हातात काय आहे ते माहीत असावं.

आकाराचं म्हणाल तर गोल आणि लंबगोल हे कोंदणाचे लाडके आकार. चौकोनी, थेंबासारखा किंवा दोन्हीकडे टोकदार खडा कोपऱ्यावर दाबताना तडकू शकतो. पाचूचे चारही कोपरे कापून अष्टकोनी करायची रीत त्यासाठीच पडली. घुमटासारखे, पैलू न पाडलेले खडे, म्हणजे पोवळं, चंद्रकांत, लसण्या, फिरोजा, तर कोंदणासाठीच जन्माला आलेत. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात मिळणारा अकीकही त्यातलाच. ट्रेकला सापडलेला पट्ट्यापट्ट्यांचा अकीक घासून घेऊन एका मुलाने वडिलांसाठी अंगठी करून घेतली, ती माझ्या आवडत्या कामांपैकी एक. त्याच दगडात सापडणारे ॲपोफिलाइटचे हिरवे स्फटिक मात्र अंगठीत घालू नका. ते मऊ असतात आणि पापुद्र्यासारखे तुटतात.

सोन्याकडे येऊ या. आपल्याकडे कल २२ कॅरटकडे असतो, उद्या मोड घातली तर भाव मिळतो म्हणून. कोंदणाच्या दृष्टीनेही २२ कॅरट चांगलं, ते मऊ असल्याने कड खड्यावर हलक्या हाताने वळते आणि पाचूसारख्या नाजूक खड्याला कमी धोका पोचतो. पण त्याचा मऊपणा खालच्या कड्यात नडतो. बोटाच्या तळव्याकडची बाजू पातळ केली तर काही महिन्यांत गोल कडं लंबगोल होतं. कडं वाकलं की वरचं कोंदण ताणलं जातं आणि खडा हलायला लागतो. म्हणजे खडा निखळतो तो पुष्कळदा कोंदणाच्या चुकीने नव्हेच, खालच्या कड्याच्या काटकसरीने निखळतो. २२ कॅरटमध्ये करणार असाल तर खालची जाडी दीड मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, पुरुषांच्या अंगठीत थोडी जास्तच ठेवा. नाजूक, बारीक कडं हवं असेल तर १८ कॅरट घ्या. त्यात मिसळलेला धातू जास्त, म्हणून ते टणक. फक्त कड वळवायला कारागीर कसलेला हवा.

घरचंच सोनं वापरायचं असेल, आईची मोडकी बांगडी किंवा बाबांची जुनी अंगठी, तर ती तुमच्यासमोर वितळवून घ्या. जुन्या दागिन्यात सांधे झाळलेले असतात, त्यामुळे लगड ओतली जाते तेव्हा कस अपेक्षेपेक्षा खाली येतो. त्यात फसवणूकच असते असं नाही. वितळवण्याआधीचं वजन, नंतरचं वजन आणि मशिनवरचा कस, हे तीन आकडे लिहून घ्या. हे काम करणारे गलाईवाले देशभर कुठेही गेलात तरी बहुधा आपलेच, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे निघतात. कोईमतूरच्या सराफ्यात मला एकांनी "पुण्याच्या का?" असं मराठीत विचारून चहा पाजला होता.

आता बोटाचं माप. दोरा गुंडाळून घेतलेलं माप विसरा. दुकानातल्या कड्यांच्या झुबक्याने, संध्याकाळी, हात कोमट असताना माप घ्या. पहाटे आणि थंडीत बोट बारीक असतं, उन्हाळ्यात फुगतं. पेर जाड असेल तर अंगठी पेरावरून जरा अडून गेली पाहिजे. आपल्याकडच्या नंबरात ४० मिळवले की आतला घेर मिलिमीटरमध्ये साधारण मिळतो, म्हणजे १२ नंबरचा घेर ५२. अमेरिकेतल्या मुलीने तिथला ६ नंबर कळवला तर तो आपला १२ च्या आसपास. पण परदेशातून कळवताना नंबराऐवजी घेर मिलिमीटरमध्ये कळवा, प्रत्येक देशाचे नंबर वेगळे. कडं रुंद असेल तर एक नंबर मोठा घ्या. आणि एकाच खड्याची अंगठी वर जड असते, सैल झाली की खडा तळव्याकडे फिरतो. त्यामुळे दोन नंबरांमध्ये अडलात तर लहान घ्या. हे सगळं आधीच नेमकं करायचं, कारण नंतर लहान-मोठी करायची म्हणजे पुन्हा जाळ. पाचू, ओपल, फिरोजा, पोवळं, मोती, काच भरलेलं माणिक, यांच्यापैकी काहीही कोंदणात असेल तर ते काढल्याशिवाय जाळ लावायचा नाही. आणि कोंदण उघडून खडा काढला की तीच कड पुन्हा तितकी बळकट बसत नाही.

हल्ली अंगठीचं चित्र संगणकावर काढून दाखवतात. ते बघाच, पण पडद्यावर अंगठी ताटाएवढी दिसते आणि माणूस भुलतो. खऱ्या मापाचा कागद छापून मागा. बाजूचं चित्र मागा आणि बोटापासून खड्याच्या माथ्यापर्यंतची उंची विचारा. मेणाचा किंवा रेझिनचा नमुना मिळाला तर तो बोटात घालून मूठ मिटून बघा, ग्लास धरून बघा. ओतकाम चांगलंच असतं, पण माझं मत विचाराल तर मोठ्या मोलाच्या खड्याचं कोंदण हाताने पट्टी वळवून केलेलं असावं. लाटून दाबलेली पट्टी ओतलेल्या सोन्यापेक्षा घट्ट असते, तिच्यात हवेची बारीक छिद्रं राहत नाहीत.

खाली मोकळं की बंद? ज्यांना खडा अंगाला लागायला हवा असतो ते मोकळं मागतातच. श्रद्धा नसली तरी मी मोकळंच सुचवते: खालून उजेड येतो, साबणाचा मळ धुता येतो, आणि उद्या कोणाला खडा तपासायचा असेल तर तो दोन्ही बाजूंनी बघता येतो. थर चिकटवून केलेला ओपल किंवा मागे पन्नी लावलेला जुना खडा असेल तर मात्र बंदच हवं, तिथे पाणी जाता कामा नये.

खडा कारागिराच्या हाती देताना तुमच्यासमोर वजन, मापं आणि भिंगातून एक फोटो घेतला जावा, आणि पावतीवर ते लिहिलं जावं. बसवताना खडा तडकला तर जबाबदारी कोणाची, हेही तेव्हाच बोला. पाचूची हमी बहुतेक कारागीर घेत नाहीत. आतच इतक्या रेघा असतात की चांगल्या हातालाही कधी दगा बसतो. जो हे मोकळेपणाने सांगतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

शक्य असेल तर बसवण्याच्या वेळी समोर बसायची परवानगी मागा. आमच्याकडचे मेदिनीपूरचे कारागीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, अंगठी लाकडी दांड्यावरच्या गरम लाखेत रोवतात आणि लाख निवेपर्यंत दुसऱ्या कामाला हात घालत नाहीत. भिंतीच्या आत त्यांनी खड्यासाठी बारीक पायरी कोरलेली असते, ती बैठक. खडा मेणाच्या काडीने उचलून त्या पायरीवर सोडतात, बोटाने एक कोपरा दाबून बघतात. डुगडुगला की पुन्हा बाहेर, पुन्हा पायरीवर कोरणी. एका नीलमसाठी मी हे सात वेळा होताना पाहिलं आहे. खडा मुकाट बसला की बोथट पोलादी दाबणीने कड आत वळवायला घेतात: आधी वर, मग नेमकं समोर खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे. एका बाजूने सुरू करून गोल फिरत गेलं तर सोनं पुढे सरकत जातं आणि शेवटी जादा सोन्याची घडी पडते. चार दाब झाले की त्यांच्या मधले चार, मग त्यांच्या मधले. शेवटी गुळगुळीत पोलादाने कड घोटतात, आणि कापसाचा पिंजलेला तंतू खड्यावरून सोन्यावर ओढतात. तंतू कुठे अडकला तर तिथे कड पुरती बसलेली नाही.

अंगठी ताब्यात घेताना हीच कापसाची परीक्षा तुम्हीही करा. खडा नखाने हलवून बघा, कानाशी धरून अंगठी टिचकीने वाजवून बघा. बारीकशी कुरकुर आली तर परत द्या. कडेची रुंदी सगळीकडे सारखी आहे का, खडा सपाट आहे का, हे समोरून आणि बाजूने बघा.

आणि हॉलमार्क. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. अंगठीच्या आत बीआयएसचं चिन्ह, शुद्धता, म्हणजे २२ ला ९१६ आणि १८ ला ७५०, आणि तो सहा खुणांचा क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपवर तो टाका, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळते का बघा. तिथे 'कानातले' आलं आणि तुमच्या हातात अंगठी असेल तर प्रश्न विचारा. हॉलमार्क सोन्याबद्दल बोलतो, खड्याबद्दल एक अक्षरही नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सक्ती नाही. बिलात एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोनं वेगवेगळं हवं. पाच कॅरटचा खडा म्हणजे बरोबर एक ग्रॅम. तो सोन्यात धरला गेला तर सोन्याच्या भावाने तुम्ही दगडाचे पैसे दुसऱ्यांदा देता. घडणावळ आणि घट किती धरली तेही लिहून घ्या, नंतर हुज्जत नको.

रोजच्या वापरात एक पथ्य पाळा, कणीक मळताना अंगठी काढा. पिठाचा कण भिंतीच्या फटीत शिरतो, सुकतो, त्यावर तेल बसतं आणि खडा खालून आंधळा होतो. आठवड्यातून एकदा कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने, मुख्यतः खालच्या बाजूने, धुवा. दुकानातल्या थरथरणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये पाचू, ओपल, पोवळं, मोती कधीच टाकू देऊ नका. पोवळ्या-मोत्याला लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि अत्तर यांपासून दूर ठेवा, आम्लाने त्यांची झिलई जाते. वर्षातून एकदा कारागिराकडून कड तपासून घ्या, बहुतेक ठिकाणी ते फुकटच करून देतात.

कड झिजतेच. माझ्या आईने पोवळ्याची अंगठी एकतीस वर्षं घातली, आणि वरचं पथ्य तिने कधी पाळलं नाही. शेवटी कोंदणाची कड कागदाइतकी पातळ झाली होती, एका जागी तर नुसती रेघ उरली होती. नखं झिजली तर टोकाला सोनं चढवता येतं; कोंदणाची भिंतच नवी करावी लागते. दादांनी जुनी कड कापून पोवळं बाहेर काढलं, तेव्हा भिंतीच्या आत दडलेली कडेची पट्टी तेवढी मूळच्या गर्द शेंदरी रंगाची होती, वरचा घुमट लिंबू-चिंचेने फिकटलेला. त्याला पुन्हा झिलई केली. नवी भिंत जुन्यापेक्षा दुप्पट जाड घेतली, त्यासाठी आईच्याच एका तुटक्या बुगडीचं सोनं घातलं. आता ती अंगठी माझ्या धाकट्या बहिणीच्या बोटात आहे, नंबर १३.